पेटीतली मोटार आणि चाकांवरचा नंदी

समुद्रपुरात मोटारीच्या मॉडेलचं किट विकणारं दुकान मी कधी पाहिलं नाही. ‘मॉडेल’ म्हटलं की आपल्याला शोकेसमधली तयार गाडी आठवते. किटच्या डब्यात गाडी नसते, तिचे तुकडे असतात. प्लास्टिकच्या चौकटीला लटकलेले बंपर, स्टीअरिंग, सीट, इंजिनाचे दोन अर्धे भाग, चार टायर आणि घडी घातलेला एक कागद. खऱ्या गाडीचे पंचवीस इंच इथे एक इंच होतात. तुकडे कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. शौकीन माणूस मात्र कागदावरच्या सूचनांपाशी थांबत नाही. तो टप कापून खाली आणतो, दुसऱ्या किटचं इंजिन ह्याला बसवतो, कंपनीने कधी दिला नाही असा रंग देतो. माझ्या मते ह्या छंदाचा जीव त्या मोडतोडीतच आहे.

ह्याचा इतिहास अमेरिकेतल्या डेट्रॉइटपासून सांगतात, आणि तसा तो तिथूनच सुरू होतो. पण तोच इतिहास वर्धा जिल्ह्यातून वाचला की त्यातल्या काही गोष्टी वेगळ्या दिसू लागतात. म्हणून आधी डेट्रॉइटला जाऊ, मग गावाकडे येऊ.

१९३० साली जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने मुलांसाठी एक स्पर्धा जाहीर केली. फिशर बंधूंचं घराणं मुळात घोडागाड्या बांधणारं. त्यामुळे स्पर्धेत सुरुवातीला मोटार नव्हतीच. नेपोलियनच्या काळातल्या शाही बग्गीची हुबेहूब लहान प्रतिकृती करायची होती. नकाशे कंपनीचे, बाकी सगळं मुलांनी करायचं: लाकडाचं कोरीवकाम, धातूचे बारीक दागिने, आतली गादी, चाकं, पडदे. महिनोन् महिने पोरं घरच्या तळघरात बसत. १९३७ पासून स्पर्धेत स्वतःच्या कल्पनेतली मोटार करण्याचा गट आला आणि पुढे तोच उरला. १९४७ मध्ये पहिला आलेला चार्ल्स जॉर्डन नंतर ह्याच जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागाचा प्रमुख झाला. स्पर्धा १९६८ पर्यंत चालली. फक्त मुलग्यांसाठी होती, हेही नोंदवून ठेवायला हवं. मुलींना बग्गी करता येत नाही असं त्या काळच्या कंपनीने गृहीत धरलं होतं.

दुसरा धागा मोटारींच्या शोरूममधून येतो. १९४८ मध्ये ‘एएमटी’ नावाची कंपनी निघाली. फोर्डच्या विक्रेत्यांना गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायला नव्या गाडीची लहान प्रतिकृती लागे, ती ही कंपनी करून देई. आधी ॲल्युमिनियमची, मग प्लास्टिकची. साचे हाताशी होतेच. तेव्हा १९५८ मध्ये कंपनीने तीच गाडी सुटी करून डब्यात भरली आणि त्यात तीन प्रकारचे भाग टाकले. कारखान्यातून निघते तशी साधी गाडी करा, शर्यतीची करा, नाहीतर मनाला येईल तशी बदललेली करा. इंग्लंडमध्येही जवळपास असंच घडलं. तिथल्या एअरफिक्स कंपनीचं पहिलं किट १९४९ चं, आणि ते फर्ग्युसन ट्रॅक्टरचं होतं. ट्रॅक्टर कंपनीच्या विक्रेत्यांसाठी केलेली प्रतिकृती पुढे सुटी करून दुकानात आली. विदर्भातल्या माणसाला ही माहिती वाचून थोडं हसू येईल. आपल्या बैलाला ज्याने गोठ्यातून बाहेर काढलं, त्याचंच किट आधी निघालं.

म्हणजे छंदाच्या आधी कारखाना आला, आणि कारखान्यासोबत ती गाडी विकत घेऊ शकणारा बाप आला. ज्याच्या अंगणात खरी गाडी उभी आहे, किंवा पुढच्या वर्षी उभी राहणार आहे, त्याच्या पोराच्या टेबलावर तिचं पिल्लू आलं. ही जोडी विसरली की आपल्याकडे हा छंद का आला नाही हे कळत नाही, आणि मग आपण उगाच ‘आपल्या लोकांना आवडच नाही’ असं म्हणून मोकळे होतो.

खरं तर पेटीत सुटी भरलेली मोटार महाराष्ट्रात फार लवकर आली होती. फक्त तिचं प्रमाण एकास एक होतं! स्पर्धा भरवणाऱ्या ह्याच जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना काढला. परदेशातून जहाजाने लाकडी पेट्या यायच्या, त्यांत मोटारींचे सुटे भाग असायचे आणि मुंबईचे कामगार ते जोडून गाडी उभी करायचे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ च्या सुमारास कुर्ल्यात सुरुवात केली तीही अशाच जोडणीने. डेट्रॉइटचा पोरगा हौसेने जे करत होता ते शिवडीचा कामगार पोटासाठी करत होता. त्याच्या हाताखालून गेलेल्या गाड्यांपैकी एखादी त्याच्या स्वतःच्या दारात लागली असेल असं मला वाटत नाही. पुढे १९५३ मध्ये सरकारने ठरवलं की नुसती जोडणी चालणार नाही, भाग इथे बनवावे लागतील. जनरल मोटर्सने लवकरच गाशा गुंडाळला.

त्यानंतरची कित्येक दशकं परवान्यांची आणि आयातबंदीची. खरी गाडी नंबर लावून मिळायची, तिथे खेळण्यातल्या गाडीसाठी परकीय चलन कोण देणार? कलकत्त्यात मात्र एक मजेशीर धंदा झाला. १९६० च्या दशकाच्या शेवटी लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीच्या ‘डिंकी’ गाड्यांचे जुने साचे तिथे आले आणि त्यांतून ‘निकी टॉइज’ नावाने गाड्या निघू लागल्या. ‘मॅक्सवेल’ नावाच्या छोट्या धातूच्या गाड्याही कलकत्त्याच्याच. आज जगभरचे संग्राहक त्या शोधत फिरतात. पण ती तयार खेळणी होती, किट नव्हे. आणि उरलेल्या ७१५ वस्तूंवरचे आयातनिर्बंध १ एप्रिल २००१ ला उठले, तोवर माझी पिढी बालपण संपवून बसली होती.

समुद्रपूर तालुक्यातलं जाम हे नागपूर-हैदराबाद महामार्गावरचं गाव. रात्रंदिवस ट्रक. त्यामुळे गाड्या आम्ही पाहत होतो, नाही असं नाही. औषधाच्या खोक्याचा ट्रक, रबरी चपलेच्या चकत्यांची चाकं आणि आसाला सायकलचा स्पोक. गिरडला बाबा फरीद यांच्या दर्ग्यावर गेलो की जत्रेतून पत्र्याची मोटार यायची, ती आठवड्याने उघडून तिचा ट्रक व्हायचा. (गिरडच्या टेकडीवर जायफळाच्या, नारळाच्या आकाराचे दगड सापडतात. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, अशी दंतकथा आहे. भूगर्भशास्त्र काही का म्हणेना, मला लहानपणी ते जगातलं सगळ्यात अचूक मॉडेल वाटायचं, मूळ वस्तूच्याच मापाचं.) पण ज्याला कुठलाही शौकीन मॉडेल म्हणेल अशी आमची वस्तू होती बंडी. ज्वारीच्या धांड्याची साल काढायची, आतल्या मऊ गाभ्याचे तुकडे करायचे, सालीच्या कामट्यांनी किंवा बाभळीच्या काट्यांनी ते जोडायचे. जू, धुरा, चाकं, सगळं मापात. बंडीचं माप आम्हाला नकाशावरून शिकावं लागलं नाही. ती दारात उभी होती.

ज्या समाजाचं जे वाहन, त्याचंच लहान रूप त्याच्या पोरांच्या हाती येतं. डेट्रॉइटला फोर्ड आली, आमच्याकडे बैल आला. आणि बैलाच्या मॉडेलसाठी आमच्याकडे नुसता छंद नव्हता, अख्खा सण होता.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. श्रावणातल्या अमावास्येला पोळा. त्या दिवशी खरे बैल सजतात. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. हा पोरांचा. लाकडी बैल, खाली पाटी, पाटीला चार चाकं, पुढे ओढायला दोरी. सगळी पोरं आपापले बैल घेऊन तोरणाखाली रांगेत उभी राहतात, झडत्या म्हटल्या जातात, चांगल्या सजावटीला बक्षीस मिळतं आणि मग दारोदार फिरून बोजारा गोळा होतो. बोजारा म्हणजे बैल दाखवल्याबद्दल मिळणारे पैसे किंवा खाऊ. नागपूरचे दुसरे रघुजीराजे भोसले यांनी १८०६ मध्ये ही प्रथा सुरू केली असं नागपुरात सांगतात. आमच्या जिल्ह्यात सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा नावाजलेला आहे. तिथे माणसाच्या उंचीचे नंदी ओढत आणतात. त्यांना खेळणं म्हणायला जीभ धजत नाही.

आता फिशर बॉडीची स्पर्धा आठवा. प्रतिकृती, सजावट, परीक्षक, बक्षीस. आमची स्पर्धा तिच्याहून सव्वाशे वर्षांनी जुनी, एवढाच फरक.

बैल करणारा सुतार, आमच्याकडे वाढई म्हणतात, फूटपट्टी क्वचितच काढायचा. वीत आणि बोटं. वशिंड एवढं तर मान एवढी. लाकूड सागाचं असेल तर नंदी नातवापर्यंत टिकतो. वर्धा जिल्ह्याचा स्वतःचा बैल म्हणजे गवळाऊ, पांढरा, निमुळत्या तोंडाचा, चपळ. मराठ्यांच्या फौजांच्या वाहतुकीसाठी ह्याच जातीचं नाव घेतात. गवळाऊची शिंगं आखूड असतात. लाकडी नंदीची मात्र मी नेहमी लांब, कमानदार पाहिली. म्हणजे आमच्या वाढयालाही मूळ वस्तूत बदल करायचा मोह आवरत नव्हता. मग पोरांची पाळी. शिंगांना बेगड, कपाळाला बाशिंग, पाठीवर जुन्या साडीच्या काठाची झूल, गळ्यात घुंगरमाळ. दरवर्षी जुनं उतरवायचं आणि नवं चढवायचं. शेजारच्या गल्लीत काय चाललंय ह्याची हेरगिरी हा त्यातला मोठा भाग.

चाकांवरचं जनावर भोसल्यांच्याही फार आधीचं आहे. १९७४ मध्ये अहमदनगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी दायमाबादला एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं खोड खणताना चार कांस्यवस्तू सापडल्या. दोन बैल जुंपलेला, उभा सारथी असलेला रथ, एक म्हैस, एक गेंडा आणि एक हत्ती. म्हैस आणि गेंड्याला चाकं आहेत. रथाची लांबी ४५ सेंटीमीटर. चारही भरीव ओतीव, मिळून वजन साठ किलोंच्या वर. पुष्कळ अभ्यासक त्यांना हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळातलं, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचं मानतात. धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून काहींनी शंकाही घेतली आहे. पोराचं खेळणं एवढं जड नसतं, तेव्हा मिरवणुकीची वस्तू असावी असाही तर्क आहे. मला सिंदीचे माणसाएवढे नंदी पाहिल्यापासून हा तर्क पटतो. मोठ्यांना खेळायचं असलं की ते खेळण्याची मिरवणूक काढतात.

आमच्या घरी बैलजोडी होती. अब्बा पोळ्याला बैल धुऊन, झूल घालून तोरणाखाली नेत. पूजेचं ताट शेजारच्या काकूंचं असे, बैल आमचे. त्यात कुणाला अवघड वाटल्याचं मला आठवत नाही. बंडी ओढणाऱ्या जनावराला वर्षातून एक दिवस सुट्टी आणि चांगलं खाणं, ह्यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतंच. दुसऱ्या दिवशी मी आणि चुलतभाऊ लाकडी बैल घेऊन निघायचो. दादी ओढणीच्या गाठीतून आमच्यासकट सगळ्या पोरांना बोजारा द्यायची.

१९८७ साल मला वेगळं लक्षात आहे. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पोळा झाला आणि त्याच आठवड्यात मोहरमचा चाँद दिसला. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा अकरा-एक दिवसांनी लहान, त्यामुळे हे दोन्ही असे जवळ यायला तीसबत्तीस वर्षं लागतात. मोहल्ल्यात ताजियाचं काम निघालं. बांबूच्या कामट्या, कणकेची खळ, रंगीत कागद, अबरक. आणि बेगड. बैलाच्या शिंगांना लावून उरलेलं बेगड तसंच्या तसं ताजियाच्या घुमटाला गेलं. दुकानदार एकच, बेगडाचा ताव एकच.

ताजिया म्हणजे करबलातल्या इमाम हुसैन यांच्या रौज्याची प्रतिकृती. आमच्या कारागिरांपैकी करबला पाहिलेला कुणी नव्हता. म्हणून कुणाच्या ताजियाला नागपुरी कमान यायची, कुणाच्या घुमटावर गिरडच्या दर्ग्याची छाप. किटवाल्या शौकिनांच्या भाषेत बोलायचं तर मूळ नकाशा हरवलेला आणि तरी दरवर्षी नवं मॉडेल तयार. ताजियावर उलेमांचे आक्षेप आहेत आणि ते जुने आहेत. तो वाद इथे काढत नाही. मला एवढंच सांगायचंय की हात तेच होते.

२०२० च्या ऑगस्टमध्ये पोळा आणि मोहरम पुन्हा असेच लागून आले. त्या वर्षी कोरोनामुळे दोन्हीकडच्या मिरवणुकांवर निर्बंध होते. बैल घरात राहिले आणि ताजियेही.

आता लाकडी बैलाचा प्रश्न. आमच्याकडे तो दोन बाजूंनी विचारला जातो. एक बाजू म्हणते, सजीवाची प्रतिमा घरात कशाला? लहानपणी मक्तबमध्ये मलाही हे ऐकवलं गेलं. पुढे सुनन अबू दाऊदमधली एक हदीस वाचली. हजरत आयेशा यांच्या खेळण्यांवरचा पडदा वाऱ्याने सरकला. बाहुल्यांमध्ये एक घोडा होता आणि त्याला कापडाच्या तुकड्यांचे दोन पंख लावले होते. पैगंबरांनी विचारलं, हे काय? उत्तर आलं, पंख. घोड्याला पंख? तर त्या म्हणाल्या, सुलेमान यांच्या घोड्यांना पंख होते हे आपण ऐकलं नाही का? त्यावर पैगंबर खळखळून हसले. बहुतेक फकीहांनी ह्या आणि अशाच हदीसींवरून मुलांच्या खेळण्यांना सवलत दिली. काहींनी दिली नाही, हेही खरं. मला मात्र त्यात दुसरंच काहीतरी दिसतं. कापडाचे तुकडे जोडून घोड्याला पंख लावणारी ती मुलगी हा छंद नेमका ओळखत होती. घोडा कसा असतो हे तिला माहीत होतं, तिला तसाच नको होता. फिशर बॉडीने मुलींना प्रवेश नाकारला तेव्हा त्यांना ही गोष्ट माहीत असण्याचं कारण नव्हतं.

दुसऱ्या बाजूचा प्रश्न अलीकडचा आहे. तुमच्या पोरांनी आमचा नंदी कशाला ओढायचा? ह्याचं उत्तर कुठल्याही किताबात शोधायची गरज नाही. ते बंडीत आहे. ज्याच्या घरच्या बैलाने कापूस हिंगणघाटच्या बाजारात नेला, त्याच्या पोराने त्या बैलाचं लहान रूप ओढलं. त्याला आम्ही ‘नंदी’ क्वचित म्हणायचो, ‘बैल’ म्हणायचो. नाव वेगळं असलं तरी तोरण एकच होतं. आता घरचा बैलही गेला. शेत ट्रॅक्टरवाल्याला सांगून नांगरतात. माझा पुतण्या छोट्या धातूच्या गाड्या घेतो, तळाचे रिवेट ड्रिलने उडवतो, जुना रंग काढून नवा मारतो, एकीची चाकं दुसरीला लावतो. त्याला खऱ्या गाडीचे सगळे भाग पाठ आहेत. वशिंड कशाला म्हणतात हे मात्र सांगावं लागलं.

लाकडातून ह्या छंदाकडे जाणारा एक रस्ता होता, आणि जपानमध्ये तो कुणीतरी चालून दाखवला. शिझुओका शहर लाकूडकामासाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध. तिथे १९४६ मध्ये तामिया नावाची लाकडाची वखार निघाली. लवकरच ती लाकडी जहाजांची आणि गाड्यांची मॉडेल करू लागली. १९५१ मध्ये आगीत साठा जळाला, पुढे वखारीचा धंदा सोडून मालकाने फक्त मॉडेल ठेवली, आणि १९६० मध्ये पहिलं प्लास्टिकचं किट काढलं. आज जगातला कुठलाही शौकीन हे नाव ओळखतो. आमच्या वाढयापाशी हात तसेच होते, गिऱ्हाईक मात्र वर्षातून एका दिवसाचं. उरलेले दिवस तो दारं-खिडक्या आणि वखर करत राहिला, आणि वखरही गेले.

आणि आता कायदा आला आहे. १ जानेवारी २०२१ पासून देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. चिनी मालासाठी आणलेला नियम, पण शब्दशः धरला तर गावच्या लाकडी बैलालाही लागू. सुदैवाने केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. म्हणून मागच्या उन्हाळ्यात ओळखीच्या एका वाढईकाकांची माहिती मी कागदावर उतरवायला बसलो. वय, गाव, किती वर्षांपासून काम, हत्यारं कोणती. रंधा, वाकस, पटाशी. वस्तूचं नाव ह्या रकान्यात मी ‘लाकडी खेळणी’ लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं.

“खेळनं कायले लिवता भाऊ?” ते म्हणाले. “खेळनं तं जत्रेत भेटते. नंदी लिवा.”

मी खोडून नंदी लिहिलं. मग नोंदणी करणाऱ्याला कळावं म्हणून पुढे कंसात लिहिलं, चाकांसह.